‘ठसकेबाज’ म्हणजे नेमके काय?

(द्वितीय वर्ष, कला)

गाण्याविषयी लिहिताना आपण जी विशेषणे वापरतो, त्यांतील बरीचशी पुस्तकी असतात. ‘मधुर’, ‘सुश्राव्य’, ‘भावपूर्ण’ हे शब्द निमंत्रणपत्रिकेत, वार्षिक वृत्तान्तात आणि आभारप्रदर्शनात शोभून दिसतात. पारावर, एस.टी.त किंवा कॅण्टीनमध्ये मात्र ‘किती सुश्राव्य गायली!’ असे कोणी म्हणत नाही. तेथे वेगळे शब्द चालतात. आवाज पहाडी असतो, खडा असतो, किनरा असतो, भसाडा असतो. आणि लावणी असली की ती हमखास ‘ठसकेबाज’ असते.

प्रस्तुत लेखात या एकाच शब्दाचा विचार करायचा आहे. तो आपण सर्रास वापरतो, पण त्याचा अर्थ विचारला तर उत्तरे तऱ्हेतऱ्हेची येतात. कोणी म्हणतो ठसकेबाज म्हणजे जोरात गायलेले. कोणी म्हणतो नखऱ्याने गायलेले. कोणी नुसताच हसतो, आणि ते हसणेही एक उत्तरच असते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : ठसका आवाजाच्या मोठेपणात नाही, अंगविक्षेपात तर नाहीच, तो शब्दाच्या उच्चारात आहे, आणि ती कमावण्याची विद्या आहे. हे एकदा पटले, की या शब्दाने आपण कोणाची स्तुती करतो आणि कोणाला दूर बसवतो, तेही नीट दिसू लागते.

शब्दाची घडण

मूळ शब्द ‘ठसका’. बोलण्यात त्याचे तीन अर्थ आढळतात. पहिला शरीराचा. पाणी पिताना घोट भलत्या वाटेने गेला की ठसका लागतो. दुसरा स्वयंपाकघराचा. चुलीवर मिरच्या भाजायला घेतल्या की ओसरीवर बसलेला माणूसही खोकू लागतो. तो मिरचीचा ठसका. तिसरा अर्थ वागण्याचा. ‘ती ठसक्यात बोलली’, ‘ठसक्यात चालत आली’ असे आपण म्हणतो तेव्हा तेथे खोकलाही नसतो आणि मिरचीही नसते. तेथे ऐट असते, स्वतःवरचा विश्वास असतो आणि समोरच्याला न बिचकण्याची तयारी असते.

तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. ठसका हळूहळू पसरत नाही. उदबत्तीचा वास दरवळतो, मोगऱ्याचा वास पसरतो. ठसका मात्र ‘लागतो’. तो एकदम येतो आणि त्याची दखल न घेता पुढे जाता येत नाही. गाण्यातल्या ठसक्याचे मर्म या एका क्रियापदात साठवलेले आहे.

आता ‘बाज’. हा फारसी प्रत्यय असून त्याच्या मुळाशी ‘खेळणे’ हा अर्थ आहे. दगाबाज, कावेबाज, नखरेबाज, फटकेबाज हे शब्द याच घराण्यातले. मराठीच्या रीतीने ‘ठसका’चे सामान्यरूप ‘ठसक्या’ होते : ठसक्याने, ठसक्यात. परंतु ‘बाज’ जोडताना ‘ठसक्याबाज’ होत नाही, ‘ठसकेबाज’ होते. जसे कावा–कावेबाज, फटका–फटकेबाज. अर्थाच्या दृष्टीनेही हे शब्द एकमेकांच्या पंगतीला बसतात. एखादा फटका चुकून लागून गेला म्हणून कोणी फटकेबाज ठरत नाही. फटके मारणे हा ज्याचा हातखंडा, तो फटकेबाज. त्याचप्रमाणे ठसका ज्याच्या हुकमात आहे, हवा तेव्हा देता येतो आणि हवा तेव्हा आवरता येतो, ते गाणे ठसकेबाज. म्हणजे कसबाचा अर्थ शब्दाच्या घडणीतच आहे. तो आपण बाहेरून चिकटवत नाही.

ठसका असतो कोठे?

वाचकांनी एक छोटासा प्रयोग करून पाहावा. पुढील वाक्य मोठ्याने म्हणावे : ‘एवढ्या घाईनं कुठं निघालात, पाव्हणं?’ पहिल्यांदा ते सरळ, बातमी वाचावी तसे म्हणावे. ती साधी चौकशी होईल. आता ‘एवढ्या’तल्या ‘ढ्या’वर जरा दाब द्यावा, ‘कुठं’ म्हणून क्षणभर थांबावे, ‘निघालात’ झटक्यात तोडावे आणि ‘पाव्हणं’ हा शब्द सावकाश खाली सोडावा. वाक्य तेच, शब्द तेच, आवाजही तेवढाच. पण आता ती चौकशी राहिलेली नाही. पाहुण्याचा पाय उंबऱ्यात अडकला आहे! यात आपण ना तान घेतली, ना आवाज चढवला. केवळ उच्चाराची जागा बदलली.

भाषाविज्ञानाच्या तासाला आपण स्पर्शव्यंजने शिकतो. क, ट, ठ, ढ, प यांचा उच्चार करताना हवा तोंडात क्षणभर अडते आणि मग एकदम सुटते. घशातला ठसकाही असाच असतो : आधी अडणे, मग सुटणे. ठसकेबाज गाणारी व्यक्ती नेमके हेच करते. ती व्यंजनाला क्षणभर अडवून धरते आणि योग्य मात्रेवर सोडते.

येथे ख्यालगायनाशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होईल. सूर लांबवायचा तर तो ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ अशा स्वरवर्णांवरच लांबवता येतो; ‘ट’ किंवा ‘ठ’ लांबवता येत नाही. म्हणून आलाप आणि तान यांची सारी इमारत आकारावर उभी राहते, आणि बंदिशीचे शब्द पुष्कळदा त्या इमारतीत विरघळून जातात. तो त्या गायकीचा दोष नव्हे, तिची रीतच तशी आहे. ठसकेबाज गाण्याचा भर मात्र व्यंजनावर असतो. तेथे शब्द विरघळला तर गाणेच संपले. ख्याल स्वरवर्णात राहतो आणि ठसका व्यंजनात, असे सूत्र मला करावेसे वाटते.

याखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ओळीचा शेवट. भावगीतात ओळीचे शेवटचे अक्षर हळुवार विरत जाते. ठसक्याच्या गाण्यात ते बहुधा कापून टाकलेले असते. दुसरी म्हणजे ढोलकीशी असलेला करार. लावणीत आठ मात्रांचा धुमाळी ठेका पुष्कळ वेळा असतो. गाणारीने ओळ तोडून जी मोकळी जागा ठेवलेली असते, तेथे ढोलकीवाला आपला तोडा वाजवतो आणि दोघे मिळून समेवर येतात. ती जागा अर्ध्या मात्रेने चुकली, तर ठसक्याचा नुसता धक्का होतो. हरकती आणि मुरक्या येतात, पण त्या लहान असतात. शब्दाला झाकून टाकण्याइतक्या मोठ्या कधीच नसतात.

माझी आई चौथीपर्यंत शिकली. आमच्याकडे जुन्नर तालुक्यात कांद्याच्या लागणीला बायका वाफ्यात ओळीने बसतात आणि काम करता करता गाणी म्हणतात. या लेखाच्या तयारीत मी तिला विचारले, ‘‘आई, ठसका म्हणजे गं काय?’’ हातातले काम न थांबवता ती म्हणाली, ‘‘ह्या टोकाला म्हणलेला शबुद त्या टोकाच्या बाईला कळला पायजे, आन् वरडाया लागलं नाय पायजे.’’ वर मी परिच्छेदामागून परिच्छेद लिहून जे सांगितले, ते तिने एका वाक्यात सांगितले. ओरडल्याने आवाज पोचतो; ठसक्याने शब्द पोचतो.

शेजारचे शब्द

एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहिला की त्याची हद्द कळते. ‘सुरेल’ हे विशेषण सुराविषयी बोलते. सूर जागच्या जागी लागतो की नाही, एवढेच ते सांगते. ‘पहाडी’ हे आवाजाच्या आकारमानाविषयी आणि पल्ल्याविषयी बोलते. शाहीर अमर शेख, शाहीर साबळे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणत, ते मैदानभर घुमणाऱ्या त्या मोकळ्या आवाजामुळे. (पहाडी नावाचा राग आहे, त्याचा येथे संबंध नाही.) ‘लाडिक’ आणि ‘नखरेल’ हे शब्द भावाविषयी आहेत. ‘खटकेबाज’ हे बहुधा संवादाला लागते. ‘झणझणीत’ रश्श्यापासून अग्रलेखापर्यंत कशालाही लागते.

‘ठसकेबाज’ यांपैकी कोणत्याच शब्दाची जागा घेत नाही, कारण ते उच्चाराविषयी, शब्दफेकीविषयी बोलते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘सुरेल’ आणि ‘ठसकेबाज’ हे विरुद्धार्थी शब्द नव्हेत. एक सुराचा गुण, दुसरा शब्दाचा. एकाच गळ्यात दोन्ही नांदू शकतात. किंबहुना सूर पक्का नसेल तर ठसका टिकतच नाही. तरीही ‘आवाज ठसकेबाज आहे, पण...’ असे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! त्या ‘पण’ला व्याकरणात आधार असेल, संगीतात नाही.

गळ्यांचे पुरावे

ठसका जन्मजात नसतो, तो कमावावा लागतो, याचा सर्वांत मोठा पुरावा सुलोचना चव्हाण यांचा. 1933 साली मुंबईत जन्मलेल्या आणि गिरगावात वाढलेल्या सुलोचनाबाईंच्या घरी तमाशाची परंपरा नव्हती. लग्नापूर्वी सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन केले. 1951 च्या ‘ढोलक’ चित्रपटातील त्यांचा आवाज ऐकावा. तो हलका, गोड, त्या काळच्या हिंदी गीताला साजेसा आहे. पुढे ‘रंगल्या रात्री अशा’ (1962), ‘सवाल माझा ऐका’ (1964), ‘मल्हारी मार्तंड’ (1965) या चित्रपटांतील वसंत पवार यांनी संगीत दिलेल्या लावण्या ऐकाव्यात. गळा तोच, पण शब्द आता फेकला जातो, अडवला जातो, समेवर ठेवला जातो. लावणीतले शब्द कसे टाकावेत याचे धडे पती श्यामराव चव्हाण यांनी दिले, असे त्या सांगत असत. म्हणजे ज्याला आपण ‘अंगचा ठसका’ म्हणतो, तो घरात बसून, एकेक शब्द घासून मिळवलेला होता. लोकांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुलोचनाबाई कार्यक्रमात अंगभर पदर घेऊन गात. आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांनी त्यांची लावणी प्रथम ऐकली ती रेडिओवर आणि ध्वनिमुद्रिकेवर, म्हणजे काहीही न पाहता. तरीही ठसका पोचला. तो डोळ्यांनी पाहायचा असता, तर रेडिओतून कसा पोचला असता?

दुसरा पुरावा ‘पिंजरा’चा. 1972 साली व्ही. शांताराम यांनी काढलेल्या या चित्रपटाची गीते जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम यांचे आणि त्यातल्या लावण्यांचा आवाज उषा मंगेशकरांचा. भक्तिगीत आणि भावगीत गाणारा तोच गळा येथे शब्दाला धार लावतो. यावरून हेच दिसते, की ठसका ही एक शैली आहे. ती जातीने मिळत नाही, वस्तीने मिळत नाही. ती शिकावी लागते.

उलट बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) या बैठकीच्या लावणीच्या थोर गायिका. बैठकीच्या लावणीत ढोलकी-हलगीचा दणका नसतो. पेटी-तबल्याच्या साथीने, बसून, एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या भावाने मांडायची असते. तिला ‘अदा’ म्हणतात. तेथे सूर लांबतो, ओळ विरते, ठुमरीची आठवण होते. असे गाणेही लावणीच. पण त्याला ठसकेबाज म्हणणे म्हणजे बासुंदीला झणझणीत म्हणण्यासारखे आहे. प्रत्येक लावणी ठसकेबाज नसते, आणि प्रत्येक ठसकेबाज गाणे लावणी असावे लागत नाही. लग्नातला उखाणा, हळदीचे गाणे, गवळण, एवढेच काय पण भारूडसुद्धा ठसक्याने म्हणता येते.

विशेषण कोणाच्या वाट्याला?

व्याकरणाच्या दृष्टीने ‘ठसकेबाज’ हे अविकारी विशेषण आहे. लिंग-वचनाप्रमाणे ते बदलत नाही : ठसकेबाज आवाज, ठसकेबाज लावणी, ठसकेबाज गाणी. परंतु व्यवहारात या शब्दाला लिंग आहे, आणि ते स्त्रीलिंग आहे. ‘ठसकेबाज गायिका’ आपण रोज वाचतो. ‘ठसकेबाज गायक’ क्वचितच. पुरुषाने शब्द असाच फेकला तर त्याचा आवाज ‘खडा’, ‘दमदार’ किंवा ‘भारदस्त’ होतो. वागण्यातही तेच. पुरुष मान ताठ ठेवून बोलला तर तो रुबाब, बाई बोलली तर तो ठसका.

तमाशात याचे एक गमतीदार उदाहरण सापडते. गवळणीतली मावशी परंपरेने पुरुषच रंगवतो. तिचे बोलणे चांगलेच ठसकेबाज असते. पण खेळ संपल्यावर लोक म्हणतात, ‘मावशी काय ठसकेबाज होती!’ लुगडे उतरवल्यावर तोच नट ‘हजरजबाबी’ होतो. विशेषण लुगड्याबरोबर राहते!

याहून गंभीर बाब जातीची आणि प्रतिष्ठेची आहे. ज्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या ही शब्दफेक टिकवली, त्या बहुतेक तमाशाच्या फडांतल्या, समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्या जातींतल्या होत्या. आमच्या तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या तेथे उभ्या राहतात आणि गावोगावचे लोक सुपारी ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) याच गावच्या. आज महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देते. पण पुरस्कार नाव घेतो, आणि बोलीत मात्र त्यांच्या गाण्याविषयीचे विशेषण अजूनही डोळा मिचकावूनच उच्चारले जाते. ठसकेबाज म्हणजे आवडणारे, परंतु आपल्या घरात नको असलेले, असा एक न लिहिलेला अर्थ या शब्दाला चिकटून बसला आहे.

हे फक्त फडापुरते नाही. एका गायनस्पर्धेच्या निवडचाचणीत मी ऐकलेले वाक्य सांगते. खेड्यातून आलेल्या एका मुलीने भावगीत म्हटले. सूर बरोबर, ताल बरोबर, शब्द स्पष्ट. परीक्षक म्हणाले, ‘‘आवाज ठसकेबाज आहे. तू लावणी का नाही म्हणत?’’ त्यांचा हेतू वाईट नसेल. पण त्या मुलीने लावणी म्हटलीच नव्हती! तिचा ‘ठ’ ठणठणीत होता, ‘ळ’ ‘ळ’च होता, ओळीचे शेवटचे अक्षर ती गिळत नव्हती, आमच्याकडे माणसे तशीच बोलतात. तिच्या बोलीला त्यांनी शैली समजले आणि त्या शैलीला एक खोली नेमून दिली. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या आमच्यासारख्यांना ही खोली ओळखीची आहे. आपले बोलणे येथे ‘रांगडे’ ठरते आणि गाणे ‘ठसकेबाज’. शब्द स्तुतीचा असतो, पण दार बाहेरून लावलेले असते.

शब्द वापरताना

म्हणून हा शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. शब्दफेकीच्या या कसबासाठी एवढे नेमके विशेषण आपल्या भाषेत दुसरे नाही. ‘प्रभावी शब्दोच्चारयुक्त गायन’ असे म्हणून पाहावे. ठसका तर लागत नाहीच, उलट झोप येते. शब्द ठेवावा, पण नीट वापरावा. त्यासाठी तीन पथ्ये सुचवावीशी वाटतात.

पहिले : नुसत्या मोठ्या आवाजाला ठसकेबाज म्हणू नये. आजकाल ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून जी लावणी वाजवली जाते, तिच्यात छाती हादरते. पण शब्द शेजारच्यालाही कळत नाही. तो ठसका नव्हे, तो दणका. दुसरे : गाणे ऐकून हा शब्द वापरावा, गाणारीकडे पाहून नव्हे. तिचे गाव, जात, नेसणे यांवरून हे विशेषण ठरवू नये. आणि पुरुष ठसक्याने गायला तर त्यालाही ते मोकळ्या मनाने द्यावे. तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते : या विशेषणानंतर ‘पण’ लावू नये.

आपल्या वर्गातल्या भाषेच्या चर्चेत प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद नेहमी निघतो. त्या वादात गाण्याचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः मराठीच्या व्यंजनांचा कणखरपणा, तिचे ‘ठ’, ‘ढ’, ‘ळ’ आणि तिची तुटक वाक्ये कोणी सुरात सांभाळली असतील, तर ती या गाणाऱ्या बायकांनी, फडावर आणि शेताच्या बांधावरही. ज्यांना वही मिळाली नाही, त्यांनी भाषा उच्चारात जपली. तेव्हा यापुढे एखाद्या गाण्याला ठसकेबाज म्हणताना आपण मराठीचा शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवणाऱ्या कसबाचे नाव घेत आहोत, एवढे भान ठेवले तरी पुरे.